रात्रीची दाढ आणि मेडिकलची गोळी

दिवसभर नुसती कुरकुरणारी दाढ रात्री अंथरुणाला पाठ टेकली की ठणकायला लागते. हा मनाचा खेळ नसतो. दाढेच्या कठीण कवचाच्या आत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंनी भरलेला मऊ गर असतो. बोटाला सूज आली तर बोट फुगतं, पण या गराला फुगायला जागाच नसते. कीड खोल गेली, गराला सूज आली, की आतला दाब वाढतो आणि तो सरळ मज्जातंतूवर पडतो. आडवं झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब आणखी थोडा चढतो, म्हणून नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी कळ येते. अशा वेळी पहिला उपाय फुकटातला आहे: दोन-तीन उशा रचून, डोकं उंच ठेवून टेकून बसावं. गार पाण्याने बरं वाटत असेल तर घोटभर तोंडात धरावं. बाहेरून गालावर गार फडकं ठेवावं.

त्यानंतर आठवतं ते मेडिकल. कोल्हापुरात रात्री अकरा वाजता दातांचा डॉक्टर सापडणं कठीण, पण मोठ्या दवाखान्यांच्या आसपासचं एखादं मेडिकल उघडं असतं. काउंटरवर जाऊन आपण एवढंच म्हणतो, "दाढ दुखतीय, काहीतरी द्या." पलीकडून कागदात बांधलेल्या, पट्टीतून कापलेल्या तीन वेगवेगळ्या गोळ्या येतात. नाव नाही, मुदत नाही. बहुतेक वेळा त्यात एक दुखण्याची, एक पित्ताची आणि एक अँटिबायोटिक असते. रात्र निघते. दोन-तीन दिवसांत कळ जाते आणि डॉक्टरकडे जायचं राहून जातं.

इथेच घात आहे. मेडिकलमधली गोळी आपल्याला काही तास मिळवून देते. दाढ बरी करणारी गोळी अजून निघालेली नाही. कळ आपोआप थांबली तर बरेचदा त्याचा अर्थ आतला गर मेला असा असतो. मेलेल्या गरातले जंतू मग मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, गाल फुगतो. म्हणून प्रत्येक उपायाला एकच प्रश्न विचारायला हवा: हा मला किती तास देतो, आणि त्याच्या बदल्यात काय घेतो?

गोळ्यांपासून सुरुवात करू. पॅरासिटामॉल मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूच्या पातळीवर दुखण्याची जाणीव कमी करतं. सुजेवर त्याचा फारसा जोर चालत नाही. आयबुप्रोफेन त्या सुजलेल्या जागीच काम करतं. इजा झालेल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार करतात. त्यांच्यामुळे सूज येते आणि मज्जातंतू हळवे होतात. ती रसायनं तयार होणंच आयबुप्रोफेन रोखतं. ॲस्पिरिनची क्रिया याच वाटेने होते हे इंग्लंडच्या जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. दाढेचं दुखणं मुळात सुजेचं असल्यामुळे, ज्याला आयबुप्रोफेन चालतं अशा प्रौढ माणसाला ४०० मिलिग्रॅमची गोळी, गरज पडली तर सोबत पॅरासिटामॉल, हा जोड जास्त उपयोगी पडतो. दात काढल्यानंतरच्या दुखण्यावर अफूच्या जातीच्या जबर औषधांपेक्षाही हा जोड सरस ठरतो, म्हणून आज जगभरातले दंतवैद्य तो आधी देतात.

पण "ज्याला चालतं" हे शब्द महत्त्वाचे. अल्सर असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, ॲस्पिरिनने दमा उसळत असेल किंवा बाई गरोदर असेल तर आयबुप्रोफेन आपल्या मनाने घ्यायचं नाही. इतरांनीही पोटात काही असताना आणि दोन गोळ्यांत सहा ते आठ तास ठेवूनच घ्यावं. पावसाळ्यात आणखी एक पथ्य आहे. अंगात ताप असेल आणि आसपास डेंग्यूचे रुग्ण असतील, तर आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन, डायक्लोफिनॅक यांच्या वाटेला जाऊ नये, कारण डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका आधीच वाढलेला असतो. तेव्हा फक्त पॅरासिटामॉल.

पॅरासिटामॉल साधं म्हणून आपण त्याला गृहीत धरतो. धडधाकट प्रौढासाठी चोवीस तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, ही शेवटची हद्द आहे. वजन कमी असेल किंवा दारूचं व्यसन असेल तर त्याहूनही कमी. ही हद्द न कळत ओलांडली जाते ती नावांच्या गोंधळामुळे. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल असतं. अंगदुखीच्या जोडगोळीत आयबुप्रोफेनबरोबर पॅरासिटामॉल असतं. वर तापाची म्हणून तिसरी घेतली की एकच औषध तीन नावांनी पोटात जातं आणि भार यकृतावर पडतो. म्हणून पट्टीवरचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडून खालचं बारीक अक्षरातलं नाव वाचावं. सुट्ट्या गोळ्या घेतानाही जिथे नाव आणि मुदत छापलीय तो तुकडा मागून घ्यावा. आपला तो हक्क आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधांचा वेगळा वर्ग आपल्याकडच्या औषध नियमांत बांधलेला नाही. ज्यांना चिठ्ठी लागते त्यांच्या याद्या आहेत. डायक्लोफिनॅक आणि निमेसुलाइड चिठ्ठीच्या यादीत आहेत, तरी दोन्ही सर्रास मागून घेतली जातात. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला २०११ पासून बंदी आहे. डायक्लोफिनॅकची ताकद कळायला गिधाडांची गोष्ट पुरेशी आहे. हे औषध टोचलेली गुरं मेल्यावर त्यांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि देशभरातली गिधाडं झपाट्याने संपत गेली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसाचं मूत्रपिंड गिधाडाइतकं नाजूक नसतं, पण महिनोन्‌महिने रोज एक गोळी गिळणाऱ्या गुडघेदुखीच्या माणसाने हे लक्षात ठेवावं. उलट बाजूला, याच नियमांत हजारापेक्षा कमी वस्तीच्या गावात परवान्याशिवायही विकता येतील अशा घरगुती औषधांची यादी आहे. पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन, दुखण्याचे बाम, निलगिरी तेल, टिंक्चर आयोडीन, एरंडेल अशी ती यादी. गगनबावडा-राधानगरीकडच्या वाड्यांसाठी किराणा दुकानातली एक पट्टी म्हणजे काय, हे तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही.

कागदातली ती तिसरी गोळी, अँटिबायोटिक, तर घेऊच नये. सुजलेल्या गराच्या दुखण्यावर ती चालत नाही, आणि गर मेल्यावर त्याचा रक्तपुरवठाच तुटलेला असल्याने औषध आतपर्यंत पोचत नाही. ती कधी लागते हे तोंड उघडून आत बघणाऱ्यानेच ठरवायचं.

आता लवंग. हा उपाय आजीचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. लवंगेच्या तेलाचा मोठा भाग युजेनॉल या द्रव्याचा असतो. हे द्रव्य मज्जातंतूतून जाणारा संदेश अडवतं, जंतूंनाही थोडा आळा घालतं. दंतवैद्य दाढेत तात्पुरतं जे सिमेंट भरतात त्यातल्या एका जुन्या प्रकारात झिंक ऑक्साइड आणि हेच युजेनॉल असतं. दातांच्या दवाखान्यात शिरल्यावर येणारा तो ओळखीचा वास त्याचाच. लवंग आधी झोंबते आणि मग बधिर करते, यालाही कारण आहे. मज्जातंतूंच्या टोकांवर उष्णता ओळखणारं एक दार असतं. मिरचीतलं कॅप्सेसिन तेच दार उघडतं, म्हणून तांबड्या रश्श्याने तोंड भाजल्यासारखं होतं, प्रत्यक्षात भाजत काहीच नाही. युजेनॉलही हे दार हलवतं. सतत उघडझाप झाली की दार थकतं आणि दुखण्याचा संदेश क्षीण होतो. हे दार १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने शोधलं, तेही मिरचीच्या मागावर राहून, आणि २०२१ च्या नोबेलचे ते एक मानकरी ठरले. संकेश्वरी मिरचीच्या मुलखात ही गोष्ट अधिक आपलेपणाने वाचावी.

लवंगेचं तेल लावायची रीत मात्र पाळायला हवी. कापसाचा लहानसा बोळा, त्यावर एक-दोन थेंब, आणि तो फक्त दाढेच्या खड्ड्यात काही मिनिटं. बाटली हिरडीवर ओतली की हिरडी भाजते. लहान मुलांना हे तेल लावू नये आणि बाटली त्यांच्या हाती लागू देऊ नये, पोटात गेलं तर यकृताला इजा होते. ॲस्पिरिनची गोळी दुखऱ्या दाढेशेजारी दाबून ठेवण्याचा प्रकार याहून वाईट. ॲस्पिरिन आम्ल आहे. तासाभरात गालाच्या आतली कातडी पांढरी पडून सोलून निघते, आणि दाढ ठणकायची ती ठणकतेच. बिब्ब्याचा डाग देणं तसंच. बिब्ब्याच्या रसाने फोड येतात, आणि नव्या आगीपुढे जुनं दुखणं काही वेळ जाणवत नाही एवढंच. या सगळ्यांपेक्षा कोमट पाण्याचा पेला, त्यात अर्धा चमचा मीठ आणि दिवसातून चार-पाच गुळण्या हा उपाय बरा. दाढेत अडकलेला कण त्याने निघतो, हिरडी शांत होते. कित्येकदा कळ निव्वळ मांसाच्या तंतूची किंवा उसाच्या चोयटीची असते. दोऱ्याने ती अलगद काढली की प्रश्न संपतो. सुई-टाचणी मात्र घालू नये.

एका उपायाबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण तो उपाय म्हणून घरात येतो आणि व्यसन होऊन राहतो. मशेरी. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि ती पूड बोटाने दातांवर, हिरड्यांवर घासायची. कोल्हापूरच्या दक्षिणेला निपाणी ही तंबाखूची मोठी पेठ. या पट्ट्यात तंबाखू शेतात होता, घरात होता, आणि बिडी ओढणं जिला शोभत नाही असं मानलं गेलं त्या बाईला मशेरी मात्र कुणी नाकारली नाही. "दात दुखतोय? जरा मशेरी लाव." पोरवयात सासू, आई किंवा शेजारीण असं सांगते आणि खरंच बरं वाटतं. निकोटीन तोंडाच्या आतल्या पातळ त्वचेतून लगेच रक्तात जातं, जाणीव थोडी बोथट करतं, डोकं हलकं करतं. काही आठवड्यांत सकाळी मशेरीशिवाय पोट साफ होत नाही, काम सुचत नाही. मग दिवसातून तीनदा-चारदा. दात किडायचा तो किडतोच, हिरडी खाली सरकते, मुळं उघडी पडतात, गार-गरम झोंबतं, आणि त्यावर पुन्हा मशेरी.

१९९२ मध्ये केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. पुढे ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९७ मध्ये बंदी कायम राहिली. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या पानाला कुठला कायदा पोचणार? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातला साधारण दर चौथा प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेताना आढळला, आणि त्यातले बहुतेक धूर न काढणारा तंबाखू घेणारे. मशेरी लावणाऱ्या बाईला नुसतं "सोड" म्हणून भागत नाही. तिची दाढ ठणकायची थांबल्याशिवाय ती सोडणार नाही. आधी तिला दातांच्या दवाखान्यात न्यावं. तिच्या तोंडात न पुसला जाणारा पांढरा डाग, तांबडा चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर ते दाखवणं दाढेपेक्षाही तातडीचं.

दाढेतला किडा काढून देतो म्हणणारे आठवडी बाजारात अजून भेटतात. भुईरिंगणीच्या बियांची धुरी द्यायची आणि नंतर पाण्यात पांढरे बारीक किडे दाखवायचे. कृमिदंताचा उल्लेख सुश्रुतसंहितेत आहे, युरोपातही शतकानुशतकं हीच समजूत होती. तिथे खुरासानी ओव्याच्या बिया जाळत, आणि गरम होऊन फुटलेल्या बियांतून बाहेर आलेले अंकुर किडे म्हणून दाखवले जात. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ च्या आपल्या ग्रंथात दातातल्या किड्याची समजूत नाकारली. खरी कीड म्हणजे जंतूंनी साखरेपासून केलेलं आम्ल. गूळ, काकवी, चहातली साखर, सगळं त्यांना सारखंच. तोंडातला पीएच ५.५ च्या खाली गेला की दाताचं कवच विरघळू लागतं. गूळ किती खाल्ला यापेक्षा दिवसभरात किती वेळा तोंडात टाकला, यावर जास्त अवलंबून असतं.

अंगदुखीबद्दल थोडं. खासबागेच्या मैदानाच्या आणि तालमींच्या कोल्हापूरला स्नायूंच्या दुखण्याची ओळख नवी नाही. बाममधलं मेंथॉल गारव्याची जाणीव जागवतं, कापूर आणि मिथाइल सॅलिसिलेट ऊब देतात, आणि त्या गर्दीत दुखण्याचा संदेश मागे पडतो. चोळल्याने बरं वाटतं तो वाटा हाताचाही असतो. पण पाय नुकताच मुरगळला असेल तर पहिले दोन दिवस चोळू नये, शेकू नये. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवावा, पाय उंच ठेवावा. चार पावलंही टाकता येत नसतील तर हाडवैद्याआधी एक्स-रे काढावा. बाम लावून वर घट्ट पट्टी आणि शेक असं एकत्र करू नये, कातडी भाजते. आणि मिथाइल सॅलिसिलेटचं म्हणजे विंटरग्रीनचं तेल मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवावं. एक चमचा पोटात गेलं तरी लहान मुलाच्या जिवावर बेततं.

बारीकसारीक अडचणींत घरी काही तास निभावता येतं. दाढेतलं सिमेंट पडलं तर त्या बाजूने चावू नये, खड्डा स्वच्छ ठेवावा. कॅप निघाली तर जपून ठेवावी आणि दवाखान्यात सोबत न्यावी. फेविक्विकने ती चिकटवायची नाही, कवळीही नाही. दात काढल्यावर रक्त थांबत नसेल तर स्वच्छ ओल्या कापडाची घट्ट घडी त्या जागी ठेवून अर्धा तास दाबून चावावी. मधेमधे उघडून बघितलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पहिल्या दिवशी चूळ जोरात भरायची नाही, थुंकत राहायचं नाही.

काही दुखण्यांत तासांचा हिशेबच करायचा नसतो. गालाची सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली गळ्याकडे उतरायला लागली, तोंड उघडेना, थुंकी गिळता येईना, ताप चढला, तर हा पू गळ्याच्या पोकळ्यांत पसरतोय असं समजावं. श्वासाची वाट बंद होऊ शकते. अशा वेळी गालाला गरम शेक देत बसू नये. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाचा अपघात विभाग किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठावं, रात्रीचे दोन वाजले असले तरी. दुसरं म्हणजे, चालताना किंवा जिना चढताना खालचा जबडा दुखतो, थांबल्यावर कमी होतो, सोबत घाम किंवा छातीत जडपणा आहे, तर दाढ शोधू नये. ते हृदयाचं दुखणं असू शकतं.

आणि एक आणीबाणी अशी आहे जिच्यात कोल्हापूरकराइतका नशीबवान कुणी नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा फुटबॉल सामना रंगलाय, हेडर घेताना दोघांची डोकी आपटली आणि एकाचा पुढचा दात मुळासकट मातीत पडला, असं समजा. तो दात मेलेला नाही. त्याच्या मुळावर जबड्याला धरून ठेवणाऱ्या तंतूंच्या जिवंत पेशी चिकटलेल्या असतात. कोरड्या हवेत अर्ध्या तासानंतर त्या झपाट्याने मरू लागतात, तासाभरात बहुतेक संपतात. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मुळाला बोट लावायचं नाही, घासायचा नाही. माती लागली असेल तर काही सेकंद दुधाने धुवायचा. माणूस शुद्धीवर असेल तर तो दात त्याच खाचेत बसवून रुमाल चावून धरायला सांगायचं. जमत नसेल तर दुधात ठेवायचा. नळाच्या पाण्यात नाही, कारण साध्या पाण्यात या पेशी फुगून फुटतात. दुधातलं क्षार-साखरेचं प्रमाण आणि आम्लता पेशींना मानवते, त्यात त्या काही तास तग धरतात. मैदानाजवळच्या टपरीवर गोकुळ दुधाची थंड पिशवी मिळते, आणि रात्री गंगावेशच्या कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून देतात. साधं दूध हवं. मसाला दूध, ताक, लस्सी नको, ताक-लस्सीच्या आंबटपणाने पेशी मरतात.

तिथून तडक दातांचा डॉक्टर. तो दात शेजारच्या दातांना बारीक तारेने साधारण दोन आठवडे बांधून ठेवतो. मोठ्या माणसाच्या अशा दाताला त्याच काळात रूट कॅनाल करावं लागतं, आणि मातीत पडलेला दात म्हणून धनुर्वाताच्या इंजेक्शनचीही चौकशी करावी. मुलगा पाच-सहा वर्षांचा असेल आणि पडलेला दात दुधाचा असेल, तर तो परत बसवायचा नाही, कारण तो खाचेत ढकलताना हिरडीत वाट बघत असलेल्या पक्क्या दाताला इजा होते.